संगणकाच्या भाषांतील देवघेव : सी भाषेतील तयार लायब्ररींचा इतर भाषांतून उपयोग

विषयप्रवेश

'ऊर्मिला' हे नाव पाटीवर लिहिताना शाळेतील मुलास थांबून विचार करावा लागत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र हे नाव म्हणजे सात वर्णचिन्हांची एक ओळ असते : ऊ, र, पाय मोडण्याची खूण, म, ऱ्हस्व वेलांटी, ल आणि काना. ही चिन्हे याच क्रमाने साठविलेली असतात. परंतु पडद्यावर हा क्रम जसाच्या तसा ठेवून भागत नाही. वेलांटी साठविलेली असते 'म'च्या नंतर, पण काढावी लागते 'म'च्या आधी. 'र' साठविलेला असतो 'म'च्या आधी, पण त्याचा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो.

मराठीत याहून सूक्ष्म भेद आहेत. 'आचार्यास बोलवा' आणि 'आचाऱ्यास बोलवा' या दोन वाक्यांपैकी पहिल्यात गुरूंना बोलावणे आहे व दुसऱ्यात स्वयंपाक करणाऱ्याला. पहिल्या शब्दात रफार आहे. दुसऱ्यात 'र' हा लहानशा आडव्या फराट्यासारखा 'या'ला जोडला गेला आहे. हा दुसरा 'र' साठविण्याची एक रीत अशी की, 'र', पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवावयाचे. अक्षरे मांडणाऱ्या आज्ञावलीने त्या अदृश्य चिन्हाची दखल घेतली नाही, तर स्वयंपाक्याऐवजी गुरुजीच बोलाविले जातात.

असे नियम जाणून वर्णचिन्हांच्या ओळीवरून अक्षरांच्या योग्य आकृती निवडणे आणि त्या योग्य जागी मांडणे, हे काम आज फार मोठ्या प्रमाणावर 'हार्फबझ' नावाची लायब्ररी करते. फायरफॉक्स व क्रोम ही ब्राउझरे, अँड्रॉइड ही फोनची प्रणाली आणि लिब्रेऑफिस हा लेखन-हिशेबाचा संच या सर्वांत ती वापरलेली आहे. देवनागरीच नव्हे, तर भारतातील इतर लिप्या, अरबी आणि जगातील अनेक लिप्यांचे नियम तिच्यात आहेत. तिचा अंतर्भाग सी-प्लस-प्लस या भाषेत लिहिलेला असला, तरी बाहेरच्यांनी तिच्याशी व्यवहार करावयाचा तो सी भाषेच्या रीतीने.

आता समजा, कोणास पायथन, जावा किंवा रस्ट या भाषेत आज्ञावली लिहावयाची आहे आणि तीत देवनागरी मजकूर शुद्ध दिसावयास हवा आहे. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. हार्फबझमधील सर्व ज्ञान आपल्या भाषेत नव्याने लिहून काढणे हा एक. आणि आपल्या भाषेत राहूनच त्या तयार लायब्ररीला हाक मारून तिच्याकडून काम करवून घेणे हा दुसरा. या पुस्तिकेत मुख्यतः दुसऱ्या मार्गाचा विचार केला आहे : तो शक्य कसा होतो, त्यात कोणती पथ्ये पाळावी लागतात, आणि तो सोडून पहिल्या मार्गाने जाणे केव्हा योग्य ठरते.

लायब्ररी म्हणजे काय

लायब्ररी या शब्दाचा मूळ अर्थ ग्रंथालय. संगणकाच्या व्यवहारात मात्र वारंवार लागणाऱ्या, तपासून सिद्ध केलेल्या लहान लहान आज्ञावलींच्या संग्रहास हे नाव आहे. अशा प्रत्येक लहान आज्ञावलीस फंक्शन म्हणतात. फंक्शनाला काही माहिती द्यावयाची आणि त्याने ठरलेले काम करून उत्तर परत करावयाचे, अशी ही रचना असते.

ही कल्पना इलेक्ट्रॉनिक संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ च्या मे महिन्यात 'एडसॅक' नावाचा संगणक चालू झाला. त्याच्या निर्मात्यांचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांच्या लवकरच ध्यानात आले की, वर्गमूळ काढणे, संख्या छापणे अशी कामे प्रत्येकाने स्वतःच्या आज्ञावलीत पुनःपुन्हा लिहिण्यात वेळ तर जातोच, शिवाय प्रत्येक वेळी नव्या चुका शिरतात. म्हणून अशा कामांच्या तयार आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवण्यात आल्या. ज्याला जी हवी तिची नक्कल त्याने आपल्या फितीवर उतरवून घ्यावयाची. १९५१ पर्यंत अशा ८७ उपआज्ञावली सर्वांच्या उपयोगासाठी सिद्ध होत्या, आणि त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल या तिघांनी त्या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला.

त्या वेळी व्हीलर यांना एक प्रश्न सोडवावा लागला. मुख्य आज्ञावली उपआज्ञावलीकडे वळते, पण काम संपल्यावर परत कोठे यावयाचे हे उपआज्ञावलीला कसे कळावे? तिला तर अनेक ठिकाणांहून हाक येणार. व्हीलर यांनी ठरविले की, हाक मारणाऱ्याने आपला पत्ता एका ठराविक जागी ठेवावा आणि उपआज्ञावलीने तो तेथून घेऊन परतीची वाट तयार करावी. हाक मारणारा आणि काम करणारा यांच्यातील हा एक करारच होता. पुढील सर्व विवेचन याच कराराच्या विस्तारासंबंधी आहे.

नव्याने लिहिण्यात काय हरवते

एखादी लायब्ररी आपल्या भाषेत उतरवून काढणे यालाच 'पोर्ट करणे' म्हणतात. वरवर पाहता हे काम केवळ भाषांतराचे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. अनेक वर्षे वापरात असलेल्या लायब्ररीत मुख्य पद्धतीशिवाय शेकडो बारीक अटी असतात. अमुक फाँटमध्ये अमुक जोडाक्षराची आकृती नसेल तर काय करावे, मजकुरात अर्धवट अक्षर आले तर ते कसे दाखवावे, रफार व अनुस्वार एकाच अक्षरावर आले तर कोणी कोठे बसावे, अशा या अटी होत. त्यांपैकी पुष्कळ अटी कोणा वापरणाऱ्यास आलेल्या अडचणीतून जन्मास आलेल्या असतात. नव्याने लिहिणारा मुख्य पद्धत चटकन आत्मसात करतो. परंतु एखादी अट त्याला निरर्थक वाटून तो ती गाळतो आणि जुनी चूक नव्या भाषेत पुन्हा प्रकट होते.

तपासणीचे कार्य केवढे मोठे असते याचे एक उदाहरण 'एसक्यूलाइट' या लायब्ररीचे आहे. माहितीच्या कोष्टकांची साठवण व शोध यांसाठी असलेली, सी भाषेत लिहिलेली ही लायब्ररी २००० साली प्रथम प्रसिद्ध झाली. २०२३ मधील तिच्या ३.४२.० या आवृत्तीत मूळ आज्ञावलीच्या सुमारे १ लाख ५६ हजार ओळी होत्या. आणि तिची कसोटी घेण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलींच्या ओळी सुमारे ९ कोटी २० लाख, म्हणजे मूळच्या ५९० पट होत्या. जो केवळ मूळ ओळींचे रूपांतर करतो, त्याच्या हाती या परीक्षेचे फळ आपोआप येत नाही. त्याची आज्ञावली नवी असते आणि तिची परीक्षा नव्यानेच व्हावी लागते.

शिवाय मूळ लायब्ररी स्थिर राहत नाही. लिपींच्या संकेतात नवी चिन्हे येतात, दोष सापडतात, सुधारणा होतात. जो लायब्ररीला हाक मारतो त्याला नवी आवृत्ती जोडली की पुष्कळदा त्या सुधारणा मिळतात. ज्याने रूपांतर केले त्याला प्रत्येक सुधारणा हाताने आपल्याकडे आणावी लागते, आणि हे ओझे पुढे कायमचे राहते.

यामुळेच मोठ्या संस्थाही अनेकदा हाक मारण्याचा मार्ग पत्करतात. जावा भाषेची नववी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत अक्षरमांडणीसाठी हार्फबझ घेण्यात आली. ती जावा भाषेत नव्याने लिहिली गेली नाही. जावा तिला बाहेरून हाक मारते.

सी भाषाच मध्यस्थ का

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. १९७३ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा तीत पुन्हा लिहिण्यात आला. १९७८ साली ब्रायन कर्निहॅन व रिची यांचे तिच्यावरील पुस्तक निघाले, १९८९ मध्ये अमेरिकेत व १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे प्रमाणीकरण झाले. पुढे आलेल्या बहुतेक कार्यप्रणालींनी आपल्या सेवा सी भाषेच्या रीतीने उपलब्ध करून दिल्या. त्यामुळे जी भाषा नव्याने निर्माण होई, तिला संगणकाशी बोलण्यासाठी ही रीत शिकावीच लागे.

दुसरे कारण सी भाषेच्या साधेपणात आहे. तिच्यातील फंक्शनाच्या मागणीत दोनच प्रकारच्या गोष्टी मुख्यतः असतात : संख्या आणि पत्ते. संगणकाची स्मृती, जिला व्यवहारात मेमरी म्हणतात, ती क्रमांक दिलेल्या कप्प्यांची रांग होय. प्रत्येक कप्प्यात एक बाइट मावतो, आणि कप्प्याच्या क्रमांकास पत्ता म्हणतात. पायथनमधील यादी किंवा जावामधील वस्तू यांची अंतर्गत रचना त्या त्या भाषेपुरतीच असते. पण संख्या व पत्ता या सर्वांनाच समजतात. एकमेकांची भाषा न जाणणारे दोन व्यापारी बोटांच्या खुणांनी भाव ठरवितात, तसा हा व्यवहार आहे. खुणा थोड्या असतात, म्हणूनच त्या सर्वांना कळतात.

तरीही खुणांचा अर्थ दोन्ही पक्षांनी एकच घेतला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या संगणकावर हाक मारण्याचा लेखी नियम ठरलेला असतो. प्रोसेसरच्या आत अत्यंत जलद अशा काही साठवणीच्या जागा असतात; त्यांना रजिस्टर म्हणतात. इंटेल व एएमडी यांच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर लिनक्स प्रणालीत फंक्शनाला दिलेल्या पहिल्या सहा पूर्ण संख्या किंवा पत्ते ठरलेल्या सहा रजिस्टरांत ठेवावयाचे असतात. त्याच प्रोसेसरवर विंडोज प्रणालीत मात्र अशा रजिस्टरांची संख्या चारच आहे. उत्तर कोणत्या रजिस्टरात मिळेल, कोणती रजिस्टरे काम करणाऱ्याने जशीच्या तशी परत करावीत, हेही या नियमांत सांगितलेले असते. व्हीलर यांनी परतीच्या पत्त्यासाठी जो संकेत केला, त्याचेच हे विस्तृत रूप होय. पायथनने हे नियम पाळून हाक मारली, तर पलीकडच्या सी फंक्शनाला ही हाक पायथनकडून आली की दुसऱ्या सी फंक्शनाकडून, हे कळण्याचे कारणच नसते.

कराराची कलमे

हाक मारणे शक्य झाले म्हणजे सर्व साधले, असे नाही. सी भाषेचा कंपायलर सी भाषेच्याच आज्ञावलीची तपासणी करतो. सीमेपलीकडून चुकीची हाक आली तर ती अडविणारा बहुधा कोणी नसतो. म्हणून पुढील चार गोष्टींविषयी विशेष दक्षता घ्यावी लागते.

पहिली गोष्ट मापाची. सी भाषेत 'लाँग' नावाचा संख्याप्रकार आहे. ६४ बिटी लिनक्सवर तो ८ बाइटांचा असतो, तर ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटांचा. एका प्रणालीवर बिनचूक चालणारी जोडणी दुसरीवर चुकण्यास एवढा फरक पुरेसा होतो. हार्फबझ काम संपल्यावर आकृतींची जी यादी देते, तिच्यातील प्रत्येक नोंद चार-चार बाइटांच्या पाच कप्प्यांची, म्हणजे २० बाइटांची असते. पहिल्या तीन कप्प्यांत आकृतीचा क्रमांक, काही खुणा आणि मूळ मजकुरातील स्थान असते. शेवटचे दोन लायब्ररीच्या स्वतःच्या कामासाठी राखलेले असतात. जोडणी करणाऱ्याने ते दोन निरुपयोगी मानून नोंद १२ बाइटांची धरली, तर पहिली आकृती बरोबर वाचली जाईल आणि दुसरीपासून सर्व वाचन बिघडेल. एका अक्षरावर घेतलेली परीक्षा येथे उत्तीर्ण होते आणि शब्दावर घेतलेली अनुत्तीर्ण होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट मजकुराच्या लांबीची. 'ऊर्मिला' या शब्दाची लांबी पायथन ७ सांगतो, कारण तो वर्णचिन्हे मोजतो. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून सी भाषेच्या दृष्टीने तोच शब्द २१ बाइटांचा आहे. शिवाय मजकूर संपल्याची खूण म्हणून सी भाषेत शेवटी शून्याचा एक बाइट ठेवतात, म्हणजे एकूण जागा २२ बाइटांची लागते. लांबी म्हणून ७ हा आकडा हार्फबझला दिला, तर तिला 'ऊ' व 'र' ही दोन चिन्हे आणि तिसऱ्याचा एक तुकडा एवढेच मिळेल. परतीच्या माहितीतही हाच भेद आड येतो : 'ला' या अक्षराचा आरंभ लायब्ररीच्या हिशेबाने १५ बाइटांनंतर होतो, तर पायथनच्या हिशेबाने ५ चिन्हांनंतर. इंग्रजी मजकुरात चिन्ह व बाइट यांची संख्या सामान्यतः सारखीच असल्यामुळे केवळ इंग्रजी शब्दांवर परीक्षा घेणाऱ्यास ही चूक दिसतच नाही.

तिसरी गोष्ट मालकीची. स्मृतीचा भाग वापरून झाल्यावर तो मोकळा करावा लागतो. पायथन, जावा अशा भाषा हे काम आपण होऊन करतात. सी भाषेत ते आज्ञावली लिहिणाऱ्याचे कर्तव्य असते. सीमेवर प्रश्न येतो की, अमुक भाग कोणाचा? हार्फबझमध्ये मजकूर ठेवण्यासाठी आपण एक साठा मागून घेतो. तो परत करण्याची जबाबदारी आपली. परंतु आकृतींच्या यादीचा जो पत्ता मिळतो तो त्या साठ्याच्या आतलाच असतो. ती यादी आपली नव्हे. साठा परत केल्यावर किंवा त्यातील मजकूर बदलल्यावर तो पत्ता निकामी होतो. रिकाम्या केलेल्या बिऱ्हाडाच्या पत्त्यावर गेल्यास तेथे कोण भेटेल याचा नेम नसतो, तसे जुन्या पत्त्यावरून वाचलेल्या माहितीचे आहे. उलट, साठा परत करण्यास विसरले तर स्मृती हळूहळू भरत जाते. जावासारख्या भाषेत आणखी एक अडचण असते. ती आपल्या वस्तू स्मृतीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवू शकते. म्हणून सी भाषेला दिलेला पत्ता स्थिर राहील अशी व्यवस्था आधी करावी लागते.

चौथी गोष्ट दोष कळविण्याची. जावा किंवा पायथनमध्ये काही बिघडले की चालू काम सोडून वरच्या आज्ञावलीस वर्दी देण्याची यंत्रणा असते. सी भाषेत ती नाही. तेथे फंक्शन दोषाचा एखादा अंक परत करते किंवा शून्य पत्ता देते, आणि तो पाहणे हे हाक मारणाऱ्याचे काम असते. हार्फबझची रीत आणखी निराळी आहे. स्मृती अपुरी पडली तर ती शून्य पत्ता न देता एक निष्क्रिय साठा देते, ज्यावर काम केल्यास काहीच घडत नाही. काम साधले की नाही हे वेगळे विचारावे लागते. प्रत्येक लायब्ररीची ही रीत तिच्या माहितीपत्रकातून समजून घेण्याला पर्याय नाही.

जोडणीची साधने

हाक मारण्यासाठी निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी साधने दिली आहेत. पायथनमध्ये २००६ सालच्या २.५ या आवृत्तीपासून 'सी-टाइप्स' हे साधन भाषेबरोबरच मिळते; त्यात लायब्ररीचे नाव, फंक्शनाचे नाव व त्याला द्यावयाच्या गोष्टींचे प्रकार सांगितले की हाक मारता येते. जावामध्ये १९९७ पासून 'जेएनआय' ही पद्धत आहे. तीत जोडणीसाठी सी भाषेतही थोडे लेखन करावे लागते. २०२४ मध्ये आलेल्या जावाच्या २२ व्या आवृत्तीत त्याची गरज नसलेली नवी पद्धत कायम झाली. गो या भाषेत 'सीगो' हे साधन आहे. रस्ट भाषेत सी फंक्शनाला मारलेली हाक सामान्यतः 'अनसेफ', म्हणजे असुरक्षित, असे स्पष्ट लिहिलेल्या भागात ठेवावी लागते. येथून पुढची हमी कंपायलर देत नसून लिहिणारा देत आहे, अशी ती कबुली होय.

साधन कोणतेही असो, अनुभवी लोक जोडणी दोन थरांत करतात. खालचा थर पातळ असतो. त्यात सी भाषेतील फंक्शने जशीच्या तशी मांडलेली असतात. वरच्या थरात आपल्या भाषेच्या वळणाची रचना असते : लांबीचा हिशेब तेथे होतो, दोषाचे अंक तेथे तपासले जातात, साठा परत करण्याचे काम तेथे आपोआप घडते, आणि यादीची नक्कल करून मगच ती वापरणाऱ्याच्या हाती दिली जाते. कराराची सर्व कलमे अशा रीतीने एकाच ठिकाणी पाळली जातात.

सीमा ओलांडण्यास थोडा वेळ लागतो, हेही लक्षात घ्यावे. माहिती एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यावी लागते आणि काही भाषांत प्रत्येक हाकेच्या वेळी पूर्वतयारी करावी लागते. यास्तव एकेका अक्षरासाठी हाक मारण्याऐवजी सबंध ओळ किंवा परिच्छेद एका खेपेत पलीकडे द्यावा. अक्षरमांडणीत तर हेच योग्यही आहे. कारण 'र'चा रफार व्हावयाचा की नाही हे पुढील चिन्हे पाहिल्यावाचून ठरत नाही.

नव्याने लिहिणे केव्हा योग्य

वरील विवेचनावरून रूपांतर हे नेहमीच अयोग्य, असा समज होऊ नये. सी भाषेत स्मृतीच्या मर्यादांचे रक्षण लिहिणाऱ्याकडे असल्यामुळे काही दोष तिच्यात सहज शिरतात. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सी लायब्ररीत २०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' या नावाने प्रसिद्ध झालेला दोष उघडकीस आला. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे न तपासता तेवढे बाइट परत पाठविले जात. त्यामुळे एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत परकी स्मृती बाहेर जाऊ शके, आणि तीत गुप्त किल्ल्या व परवलीचे शब्दही असू शकत. हा दोष २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपासून तीत होता. जी लायब्ररी सर्व जण वापरतात तिचा गुण जसा सर्वांना मिळतो, तसा तिचा दोषही सर्वांना बाधतो. आपल्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशाच चुकांचे असतात, असे मायक्रोसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये सांगितले होते.

म्हणून जेथे अनोळखी व अविश्वसनीय माहिती वाचावयाची असते, तेथे रस्टसारख्या, अशा चुका कंपायलरकडून अडविणाऱ्या भाषेत रूपांतर करण्यास बळकट कारण असते. हार्फबझचे रस्ट भाषेत 'रस्टीबझ' नावाचे रूपांतर झाले आहे. ते करणाऱ्यांनी मूळ लायब्ररीच्याच कसोट्या त्याला लावल्या. नव्या आज्ञावलीला जुनीचे माप लावण्याची ही रीत अनुकरणीय आहे. मूळच्या कसोट्या हाती नसतील तर रूपांतराचा विचार दोनदा करावा.

या दोन टोकांच्या मधलाही एक मार्ग आहे. चित्रांच्या एका प्रकारासाठी असलेली 'लिबआरएसव्हीजी' ही सी लायब्ररी २०१६ पासून भागाभागाने रस्ट भाषेत लिहून काढण्यात आली. परंतु तिचा सी भाषेतील करार तसाच राखण्यात आला. तिला हाक मारणाऱ्या आज्ञावलींना आपली रीत बदलावी लागली नाही. घराच्या भिंती नव्या झाल्या, पण दार व पत्ता जुनाच राहिला. ब्राउझरसारख्या ठिकाणी, जेथे सी लायब्ररी थेट जोडता येत नाही, तेथे मूळ आज्ञावली 'वेबअसेंब्ली' या रूपात यंत्राकडूनच उतरवून घेता येते. हार्फबझचे असे रूपही उपलब्ध आहे. त्यात मनुष्याने नव्याने लिहावयाचे थोडेच असते.

उपसंहार

एखादे काम हाती घेताना त्यासाठी परीक्षित लायब्ररी आहे काय, हे प्रथम पाहावे. असल्यास तिचा करार वाचावा : मापे कोणती, लांबी कशाची, मालकी कोणाची आणि दोष कळविण्याची रीत कोणती. या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्यावर जोडणीचे काम बहुधा सुकर होते. नव्याने लिहिण्याचे कारण सुरक्षेचे किंवा यंत्राच्या मर्यादेचे असावे. केवळ आपल्या आवडीची भाषा निराळी आहे एवढ्याने ते सिद्ध होत नाही.

भारतीय भाषा वापरणाऱ्यांना या प्रश्नात विशेष गोडी वाटण्यास आधार आहे. आपल्या लिपींचे बारकावे जगातील प्रत्येक आज्ञावलीकाराला ठाऊक असणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही करता येत नाही. ते एकदा नीट लिहून, तपासून एका ठिकाणी ठेवले गेले व सर्व भाषांना ते खुले झाले, तरच टोकियोत किंवा टोरांटोत लिहिलेल्या आज्ञावलीतही 'आचाऱ्यास' हा शब्द 'आचाऱ्यास' असाच उमटतो. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या मातृभाषेतील असे दहा-वीस अवघड शब्द निवडावेत आणि आपल्या आज्ञावलीवर ते तपासून पाहावेत. एखादा शब्द बिघडलेला दिसला, तर तो दोष मूळ लायब्ररीच्या कर्त्यांना कळविता येतो. आणि तेथे एकदा झालेली दुरुस्ती त्या लायब्ररीला हाक मारणाऱ्या सर्वांच्या उपयोगी पडते.